रिकामटेकडे प्रश्न

प्रश्न दोन जातींचे असतात. एका जातीच्या प्रश्नांच्या उत्तरावर कांहींतरी अवलंबून असतें. तांदूळ काय भावानें मिळाले, पाहुणे कोणत्या गाडीनें येणार, डॉक्टरांनीं काय सांगितलें, हे सर्व त्या जातीचे. दुसऱ्या जातीच्या प्रश्नांचें उत्तर मिळालें तरी पदरांत कांहीं पडत नाहीं, आणि न मिळालें तरी कोणाचें कांहीं अडत नाहीं. दूध उतूं जातें, मग पाणी कां जात नाहीं? उगवतांना चंद्र परातीएवढा कां दिसतो? रविवारापुढें सोमवारच कां? ह्या दुसऱ्या जातीस आमच्या घरांत ‘रिकामटेकडे प्रश्न’ असें नांव पडलें आहे. तें विचारणारांनीं ठेवलेलें नाहीं. उत्तर देतां न आल्यामुळें ज्यांची पंचाईत झाली, अशा थोरामोठ्यांनीं ठेवलेलें आहे.

आम्हीं तीसांहून अधिक वर्षें मुलांस संस्कृत शिकविण्यांत घालविलीं. आतां निवृत्तीनंतर घरचे व शेजारचे असे सारे प्रश्न आमच्या वांट्यास येतात, कारण फुरसत असलेला मनुष्य घरांत दुसरा कोणी नाहीं. त्यावरून एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली आहे. हे प्रश्न मोकळेपणानें विचारणारीं माणसें म्हणजे दहा वर्षांखालील मुलें आणि साठ वर्षांवरील बायका. मधल्या वयाच्यांस एक तर वेळ नसतो, किंवा आपलें हंसें होईल अशी भीति असते. घरांतील सुना बहुधा मुलाच्या तोंडून विचारतात. ‘बाळ, आजोबांना विचार बरें, तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो कां,’ असें स्वयंपाकघरांतून ऐकूं आलें कीं प्रश्न बाळाचा नव्हे हें आम्ही ओळखतों, आणि उत्तर जरा मोठ्यानें देतों. (थेंब नाचतो तो अशामुळें, कीं तवा फार तापलेला असला म्हणजे थेंबाच्या खालच्या अंगाची तत्काळ वाफ होते, व थेंब त्या वाफेच्या गादीवर तरंगत राहतो. तवा बेताचाच तापला असेल तर तोच थेंब पसरतो, चुरचुरतो आणि क्षणांत नाहींसा होतो.)

असल्या प्रश्नांस घरोघर जीं उत्तरें मिळतात त्यांचे मासले पाहण्यासारखे आहेत. ‘उगीच फाटे फोडूं नकोस’ हें तर उत्तरच नव्हे. तें सोडून देऊं. त्याहून घातक उत्तर म्हणजे प्रश्नाच्या तोंडावर एखादा भारी शब्द फेंकणें. दूध कां उतूं जातें, असें विचारलें असतां एका पदवीधर गृहस्थांनीं ‘तो दुधाचा गुणधर्म आहे’ असें सांगितलेलें आम्हीं स्वतः ऐकलें आहे. म्हणजे दूध उतूं जातें, कां तर उतूं जाणें हा त्याचा गुण! न्यायशास्त्रांत ह्या दोषास आत्माश्रय म्हणतात. परंतु विचारणारी बाई मुकाट्यानें आंत गेली, आणि उत्तर मिळालें नाहीं ह्यापेक्षां, आपणांस तें समजलें नाहीं, असें तिनें मानलें. आमचा खरा राग आहे तो येथें. शब्दाच्या बदल्यांत शब्द देणारा मनुष्य विचारणाराची स्वतःच्या बुद्धीवरील श्रद्धा काढून घेतो.

वस्तुतः उत्तर सोपें आहे. दुधांतहि शेंकडा ८७ भाग पाणीच असतें. नुसत्या पाण्यांतील बुडबुडा वर आला कीं फुटतो आणि वाफ मोकळी होते. दुधांत मात्र प्रथिनें असतात. तीं बुडबुड्याच्या भिंतीस बळकटी आणतात, म्हणून तो लवकर फुटत नाहीं. शिवाय वर सायीचा पापुद्रा धरलेला असतो. वाफ कोंडते, बुडबुड्यावर बुडबुडा चढतो आणि फेंस भांड्याबाहेर येतो. आतां हें उत्तर खरें असेल, तर ज्या पाण्यांत असा चिवटपणा आणणारें कांहीं विरघळलेलें आहे तें पाणीहि उतूं गेलें पाहिजे. तें तसें जातेंच. भाताची पेज पिष्टामुळें उतूं जाते आणि डाळ शिजतांना वरणाचा फेंस चुलीवर सांडतो, हें कोणत्याहि गृहिणीस आम्हीं सांगावयास नको. तसेंच दुधांत पळी उभी करून अधूनमधून हलविली म्हणजे तें आंवरतें, कारण पापुद्रा फाटून वाफेस वाट मिळते.

खऱ्या उत्तराची आमची परीक्षा हीच आहे. विचारलेल्या गोष्टीखेरीज आणखी एखादी गोष्ट त्यावरून निघावी, आणि ती विचारणारास आपल्या हातांनीं, आपल्या घरांत पडताळून पाहतां यावी. ह्या कसास न उतरणारें उत्तर कितीहि शास्त्रीय वेष घालून आलें तरी दारांतूनच परत पाठवावें. हल्लीं भ्रमणध्वनीवरून अशीं वेषधारी उत्तरें दररोज सकाळीं येत असतात, म्हणून हें सांगणें अवश्य झालें आहे. शंख कानाशीं धरला असतां समुद्र ऐकूं येतो, ही मुलांची समजूत. तो समुद्र नव्हे, आपल्याच रक्ताचा प्रवाह आहे, ही ‘शास्त्रीय’ समजूत. दुसरी पहिलीइतकीच खोटी, आणि विद्वत्तेची ऐट अधिक. रक्ताचा प्रवाह असेल तर दोनदां जिना चढउतार करून शंख पुन्हां कानाशीं धरावा. रक्ताचा वेग वाढला तरी शंखाचा आवाज वाढत नाहीं. भर दुपारीं रस्त्याकडच्या खिडकींत तो मोठा, आणि मध्यरात्रीं आंतल्या खोलींत अगदीं मंद. शंखाच्या पोकळींत भोंवतालच्याच बारीकसारीक आवाजांतील कांहीं घुमून मोठे होतात, एवढेंच. शंख नसेल तर रिकामा तांब्या घ्यावा, तोहि गाजतो.

चंद्राच्या प्रश्नांत हवेला विनाकारण दोष देतात. क्षितिजाजवळ हवा दाट असते, ती भिंगाचें काम करते, असें पाठ्यपुस्तकी थाटांत सांगणारे पुष्कळ भेटतील. पौर्णिमेस चंद्र उगवत असतां हात सरळ लांब करावा आणि करंगळीच्या नखाआड तो झांकून पाहावा. मध्यरात्रीं तो डोक्यावर येऊन लहान दिसूं लागला म्हणजे पुन्हां तेंच करावें. दोन्ही वेळां नखाच्या मानानें त्याचें माप सारखेंच भरतें. खरें पाहतां उगवता चंद्र डोक्यावरच्या चंद्राहून आपणांपासून पृथ्वीच्या त्रिज्येएवढा, म्हणजे सुमारें ६,४०० किलोमीटर अधिक दूर असतो, त्यामुळें तो किंचित् लहानच दिसावयास हवा. परंतु एकंदर अंतर सुमारें ३,८४,००० किलोमीटर असल्यामुळें तो फरक डोळ्यांस कळत नाहीं. तेव्हां मोठेपणा चंद्राचा नसून पाहणाराच्या मनाचा. झाडें, घरें, डोंगर ह्यांच्या संगतींत मन त्यास मोठें कां समजतें, ह्याविषयीं पंडितांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं. हें आम्हीं शेजारच्या एका आजीबाईंस सांगितलें, तेव्हां त्यांस फार समाधान वाटलें. ‘म्हणजे त्यांनाहि येत नाहीं तर,’ असें म्हणून त्या पुढील पौर्णिमेची वाट पाहत बसल्या.

परंतु ह्या सर्व प्रश्नांत आम्हांस वारांच्या क्रमाचा प्रश्न अधिक प्रिय आहे, आणि त्याचा इतिहास आमच्या घरांत घडलेला आहे. आमच्या वडिलांच्या एक चुलत भगिनी आमच्याकडेच असत. आम्ही त्यांस आत्याबाई म्हणत असूं. लहानपणींच वैधव्य आलेलें, अक्षरओळख पोथी वाचण्यापुरती, आणि उभा जन्म चुलीपुढें गेलेला. सोमवार आणि शनिवार असे दोन उपास त्या पन्नासांहून अधिक वर्षें करीत आल्या होत्या. त्यांचा प्रश्न असा: आदित्य पहिला, हें समजलें. सोम दुसरा, हेंहि समजलें, कारण डोळ्यांस दिसणारीं मोठीं बिंबें हीं दोनच. परंतु त्यापुढें मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि ही रांग कोणी लावली? आकाशांत तर ते असे ओळीनें उभे नाहींत. एका भिक्षुकांनीं त्यांस ‘वेदांतच तसें आहे’ म्हणून सांगितलें होतें. तें खरें नाहीं. वेदांत ग्रहांच्या नांवांचे सात वार नाहींत. एका भाच्यानें ‘इंग्रजांनीं ठरविलें’ म्हणून सांगितलें होतें. तें तर त्यांसहि पटलें नव्हतें, कारण पेशव्यांच्या वेळीं काय वार नव्हते?

१९८४ सालच्या चातुर्मासांत एके दुपारीं आम्हीं आत्याबाईंपुढें पाट ठेवला आणि त्यावर सात सुपाऱ्या वर्तुळाकार मांडल्या. प्राचीन ज्योतिष्यांनीं ग्रहांची रांग त्यांच्या गतीवरून लावलेली आहे. आकाशाची एक फेरी पुरी करावयास शनीस सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात, गुरूस बारा, मंगळास दोनांस थोडीं कमी, रवीस एक. चंद्र तीच फेरी सत्तावीस दिवसांत करतो. शुक्र व बुध हे रवि आणि चंद्र ह्यांच्या मधले मानलेले. म्हणून मंदापासून शीघ्रापर्यंत क्रम लागतो तो शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र असा. आतां अहोरात्राचे चोवीस होरे करावयाचे आणि ह्याच क्रमानें एकेक होरा एकेका ग्रहास द्यावयाचा. सूर्योदयीं ज्याचा होरा असेल त्याचें नांव त्या दिवसास. आत्याबाईंनीं शनीच्या सुपारीवर बोट ठेवून मोजावयास सुरुवात केली. तीन फेऱ्यांत एकवीस झाले, उरले तीन: शनि, गुरु, मंगळ. पंचविसावा होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीचा आला. शनिवारापुढें रविवार! त्यांनीं पुन्हां मोजलें, चंद्र आला. पुन्हां मोजलें, मंगळ आला. बुध, गुरु, शुक्र, आणि परत शनि येईपर्यंत त्यांनीं आम्हांस एक अक्षर बोलूं दिलें नाहीं.

पाट उचलावा म्हणून आम्हीं हात पुढें केला तों त्या म्हणाल्या, ‘थांब. होरे चोवीसच कां? आपल्या तर घटका साठ.’

वाचकहो, ह्या एका प्रश्नांत वारांचा सगळा इतिहास सांठविलेला आहे. आम्हीं साठांचा हिशेब करून दाखविला. सातानें भागून साठांतून चार उरतात. तेव्हां घटकांप्रमाणें वाटणी केली तर रवीपासून पुढें चार घरें, म्हणजे शनि येतो. रविवारामागून शनिवार, त्यामागून शुक्रवार, असा आठवडा उलटा चालूं लागतो. ज्या अर्थीं तो सुलटा चालतो, त्या अर्थीं तो चोवीस होऱ्यांच्या लोकांनीं केलेला. येथें आमचें विवेचन आटोपलें असें आम्हांस वाटलें. आत्याबाई मात्र सुपाऱ्यांकडे पाहत होत्या. थोड्या वेळानें म्हणाल्या, ‘पण अरे, चंद्रापासून वर मोजलें तर? जवळच्याला आधीं, लांबच्याला मागाहून?’ आणि त्यांनीं उलट्या दिशेनें चार घरें मोजून दाखविलीं. रवीपासून मंगळ, गुरु, शनि, चंद्र. रविवारापुढें सोमवार बरोबर आला. साठ घटकांनींहि आला.

आक्षेप बिनतोड होता. नुसत्या गणितानें हा वाद सुटत नाहीं. दोन्ही वाटा त्याच मुक्कामीं जातात. अशा वेळीं साक्षी काढावे लागतात. आम्हीं ग्रंथ उघडले. इसवी सन ४९९ च्या सुमाराचा आर्यभट ह्या सात ग्रहांस शनीपासून आरंभ करून ‘होऱ्यांचे स्वामी’ म्हणतो आणि शीघ्रतेच्या क्रमानें चौथा तो दिवसाचा स्वामी, असें सांगतो; घटकांचें तेथें नांवहि नाहीं, आणि मोजणी शनीपासून खालीं आहे, चंद्रापासून वर नाहीं. सूर्यसिद्धांतांतील नियमहि शनीपासून खालीं मोजावयाचाच आहे. तिकडे रोमचा इतिहासकार कॅशियस डायो ह्यानें तिसऱ्या शतकांत हीच चोवीस तासांची वाटणी, शनीपासूनच सुरू करून, लिहून ठेवली आहे. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें, त्याच्या भिंतीवर ह्या वारांच्या देवतांची यादी खरडलेली सांपडली. आपल्याकडे तिथीबरोबर वार दिलेला अगदीं जुना लेख मध्यप्रदेशांत सागर जिल्ह्यांतील एरण येथें स्तंभावर आहे. तो बुधगुप्ताच्या काळचा, गुप्त संवत् १६५, म्हणजे इसवी सन ४८४, आषाढ शुद्ध द्वादशी, वार बृहस्पतीचा. गणित करून पाहिलें असतां त्या दिवशीं गुरुवारच येतो.

राहिला ‘होरा’ शब्द. अहोरात्र शब्दाचें पहिलें व शेवटचें अक्षर गाळून तो झाला, ही व्युत्पत्ति आम्हीं विद्यार्थिदशेंत मोठ्या आदरानें पाठ केली होती, आणि ती चतुर आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु वराहमिहिर स्वतः ती ‘कांहीं लोकांचें मत’ म्हणूनच नमूद करतो. ग्रीक भाषेंत हाच शब्द ह्याच अर्थानें आहे, व इंग्रजी ‘अवर’ त्यापासूनच निघाला. ह्या विषयांत आमचे गुरु कैलासवासी शंकर बाळकृष्ण दीक्षित. (प्रत्यक्ष नव्हेत, ते १८९८ सालींच वारले.) रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरुड गांवचे हे गृहस्थ, पेशानें शिक्षक. त्यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ ह्या मराठी ग्रंथांत, स्वदेशाचा अभिमान कोठेंहि न सोडतां, वारांची उत्पत्ति आपल्या देशांतील नव्हे असाच निर्णय दिला आहे. आपल्या तिथि, नक्षत्रें, अधिक मास ह्यांचा जेथें खरा मोठेपणा आहे तेथें तो त्यांनीं तितक्याच ठासून सांगितला आहे, म्हणून त्यांच्या शब्दास वजन येतें.

हें सगळें आत्याबाईंस सांगावें कीं सांगूं नये, ह्याविषयीं घरांत चर्चा झाली. वडीलधाऱ्यांपैकीं दोघांचें मत असें पडलें कीं म्हातारीनें पन्नास वर्षें सोमवार धरला; आतां तिला तो यवनांकडून आला म्हणून सांगणें हें पाप आहे, तिच्या प्रश्नाला कांहींतरी गोड उत्तर देऊन मिटवावें. त्यांचा हेतु वाईट नव्हता. परंतु जिनें चार घरें उलट मोजून आम्हांस निरुत्तर केलें, तिला गोड उत्तर देणें म्हणजे तिची फसवणूक करणें, असें आम्हांस वाटलें. आम्हीं सर्व सांगितलें. एरणचा स्तंभ, रोमचा इतिहासकार, पाँपेईची भिंत, दीक्षितांचा ग्रंथ, कांहीं मागें ठेवलें नाहीं. त्या जपमाळ हातांत घेऊन ऐकत होत्या. शेवटीं म्हणाल्या, ‘वार कुठून कां आला असेना, उपास तर मीच केले ना?’ आणि लगेच, ‘मग अधिक महिना तरी आपलाच आहे ना रे? तो तीन वर्षांनीं कां येतो तें सांग.’ त्या आठवड्याचा सोमवार त्यांनीं नेहमींप्रमाणें केला. अधिक मासाचा हिशेब मात्र एका दुपारींत आटोपला नाहीं. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस, सौर वर्षाचे ३६५, दरसालची अकरा दिवसांची तूट, आणि एकोणीस वर्षांत सात अधिक मास, हें सर्व त्यांनीं हरभऱ्याचे दाणे मांडून तीन दिवस तपासलें.

शब्दांविषयींचे प्रश्न आम्हांकडे सर्वांत अधिक येतात, परंतु ते थोडक्यांत आटोपतात. ‘उत्तर’ म्हणजे जबाब आणि ‘उत्तर’ म्हणजे दिशा, हें कसें? मूळ अर्थ अधिक वरचा, पुढचा. प्रश्नापुढें येतें तें उत्तर, आणि हिमालयाची उंच बाजू ती उत्तर. दिशांचीं बाकीचीं नांवें पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलें कीं आपोआप उलगडतात. समोरची ती पूर्व, पाठीमागची ती पश्चिम, उजव्या हाताची ती दक्षिण. देव उजव्या हातास ठेवून फिरतों ती प्रदक्षिणा, आणि आपल्या दख्खनचें नांव त्याच शब्दाचें. हें उत्तर कसास लावावयाचें असेल तर हिब्रू भाषा पाहावी; संस्कृताशीं तिचा कांहीं संबंध नाहीं, तरी तींतहि ‘केदेम’ म्हणजे समोर आणि ‘केदेम’ म्हणजेच पूर्व. सकाळीं उठून सूर्याकडे तोंड करणारा मनुष्य कोणत्याहि देशांत दिशांचीं नांवें अशींच ठेवणार.

गेल्या महिन्यांत आमच्या नातवानें विचारलें, ‘आजोबा, आईचा आणि शेजारच्या काकूंचा छत्तीसचा आंकडा आहे, म्हणजे काय?’ घरांतील गोष्ट बाहेर कशी गेली ही चौकशी आम्हीं बाजूस ठेवली. तो इंग्रजी शाळेंत जातो. त्यानें आपल्या वहींत छत्तीस लिहून आम्हांस दाखविला. त्याच्या त्या इंग्रजी आंकड्यांत त्यास भांडणाचें कांहींच चिन्ह दिसत नव्हतें. आम्हीं पाटी मागविली आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ३६ काढला. तो पाहतच राहिला. एकमेकांकडे पाठ करून, माना वळवून बसलेले ते दोन आंकडे त्यास प्रथमच दिसले. मग त्यानें पाटी पुसून स्वतःच ६३ काढला आणि विचारलें, ‘मग त्रेसष्ट झाले म्हणजे बोलूं लागतील का?’

पाटीवर तरी तसें दिसत होतें खरें.